बाजेचे तीन पाय

कोणतंही मोठं कार्य साधनांवाचून होत नाही, हे सर्वमान्य आहे. साधनं मिळाल्यावरही ते बहुधा होत नाही, पण तेव्हा निदान लोकांना दाखवायला साधनं तरी असतात. म्हणून शहाणी माणसं कार्याच्या आधी साधनांची निवड करतात, आणि फार शहाणी माणसं निवडीच्या आधी समिती नेमतात. देवाजी मास्तर फार शहाण्यांपैकी होते.

मास्तर चांदा जिल्ह्यात, मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात सायन्स शिकवत. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर लोक तिथं जाऊन परस्पर आकाश पाहतील आणि त्याला समितीची मंजुरी नसेल.) गावात एक तळं, एक शाळा, एक इमारती लाकडाचा डेपो आणि मुबलक अंधार होता. वीज अजून वाटेत होती. जेवणं झाली की अंगणात बाज टाकून पडायचं आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे आकाश पाहायचं, असा तिथला रिवाज होता.

मास्तरांच्या अंगणातली बाज त्यांच्या आईची, गुणाबाईची. तिच्या लग्नात तिच्या बापाने जुन्या सागवानाची करून दिलेली. पाय असे भक्कम की सून वच्छला झाडताना बाज उचलायची नाही, बाजेभोवतीच झाडायची. म्हातारीने त्या बाजेवर चार पोरं निजवली, त्यातलं एक मास्तर झालं.

१९५४ सालच्या दिवाळीच्या आधी मास्तरांनी आईला चांद्याला डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वर्ष दोन वर्षं पुरली तर पुरली. म्हातारीने ऐकून घेतलं आणि बाजारातून बांगड्या घेऊन ती परत आली. मग कार्तिकातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, एका संध्याकाळी बाजेवर पडल्यापडल्या तिने मुलाला हाक मारली.

"देवा, तो वरतचा कापूस मले आता दिसत नाई गा. हाय ना अजून?"

लहानपणी धानाची राखण करायला ती बापासोबत शेतातल्या माळ्यावर बसायची, तेव्हापासून तो तिचा ओळखीचा होता. काळ्या आभाळात पिंजलेल्या कापसाचा एक एवढासा पुंजका. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, तिची गोंड मैत्रीण बुधरी आणि ती, दोघी तो शोधण्याची पैज लावत.

"हाय ना माय," मास्तर म्हणाले. "तो कुठी जाते?"

"त्याचा फोटू निघते का? दिवसा उजेडात नाकाजवळ धरीन म्हटलं. एक डाव पाहून घेईन, मंग गेली नजर तं गेली."

मास्तरांना गलबलून आलं. त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला. तो पुंजका म्हणजे देवयानी तारकासमूहातला तेजोमेघ, त्यात अगणित सूर्य आहेत, त्याचा प्रकाश लाखो वर्षं चालून आपल्या अंगणात येतो, हे त्यांना पुस्तकावरून ठाऊक होतं. लाखो वर्षं चाललेल्याला आणखी चार पावलं चालवून आईच्या नाकापर्यंत आणायचं, एवढंच काम उरलं होतं.

हे कानावर गेल्यामुळे दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मुखरूजी आपला कॅमेरा खांद्यावर टाकून हजर झाले. मुखरूजींचा बाजारात फोटोचा स्टुडिओ होता. त्यांच्याकडे ताजमहालाचा एक पडदा होता आणि तालुक्यातल्या प्रत्येक नवरा-नवरीला त्यांनी आग्रा दाखवला होता.

"मास्तर, माह्या कॅमेऱ्याचं भिंग मोठं हाय," ते म्हणाले. "आभाळ फिरते म्हणता ना? मंग दोन फळ्या बिजागरीनं जोडू, वरतच्या फळीवर कॅमेरा बांधू आन् आभाळासोबत हळूहळू फिरवत राहू. फोटोची काच अर्धा घंटा उघडी ठेवू. आताच लावू का? ढग नाई, चांद नाई."

इतिहासात असे क्षण येतात. सामान्य माणूस अशा वेळी "लावा" म्हणतो आणि चुकतो. मास्तर म्हणाले, "थांबा. पह्यले पाहू तं द्या, कोणतं साधन बरोबर राहीन."

मास्तरांचं आईवर प्रेम नव्हतं, असं कृपा करून कोणी समजू नये. प्रेम होतं म्हणूनच हलकं साधन त्यांना चालेना. परक्याच्या आईसाठी असता तर त्यांनी त्याच संध्याकाळी फोटो काढला असता.

अशा रीतीने 'नवशिक्यांसाठी परवडणारे खोल-आकाश छायाचित्रण साहित्य निवड समिती' अस्तित्वात आली. ती शाळेच्या विज्ञानमंडळाखाली होती, त्यामुळे वरच्या ऑफिसातून थोडी ग्रँट मिळाली आणि आयुष्यभर पुरतील इतक्या अटी मिळाल्या. सभासद तीन: देवाजी मास्तर, मुखरूजी (ज्यांना सभासद केल्यामुळे ते "आताच लावू का" म्हणायचे थांबले) आणि लाकडाच्या डेपोवरचे कारकून लटारीभाऊ. लटारीभाऊंना ताऱ्यांतलं काही कळत नव्हतं, पण ते निर्भीडपणे बोलत, आणि समितीत एक तरी असा माणूस लागतो. चौथी जागा जनतेच्या प्रतिनिधीसाठी राखून ठेवली होती. ती रिकामीच राहिली, कारण जनता त्या वेळी जेवून झोपलेली असे.

समितीने प्रथम व्याख्या ठरवल्या. 'खोल आकाश' म्हणजे चंद्राच्या पलीकडचं सगळं. (चंद्र वगळण्यात आला, कारण तो कोणालाही दिसतो.) 'परवडणारं' म्हणजे जे आज घेतलं नाही तरी चालतं. 'नवशिका' म्हणजे ज्याला अजून काही येत नाही असा. या तिसऱ्या व्याख्येने पुढे घोटाळा केला. नागपूरहून मागवलेले विक्रेत्यांचे कॅटलॉग वाचून वाचून दुसऱ्या वर्षाअखेर तिन्ही सभासद इतके तयार झाले की ते नवशिके राहिले नाहीत, आणि ग्रँट तर नवशिक्यांसाठी होती. तेव्हा गावच्या कोतवालाला, सुकलूला, अधिकृत नवशिका म्हणून बोलावण्यात आलं.

"सुकलू, तुले आभाळाच्या फोटोतलं काय समजते?" लटारीभाऊंनी विचारलं.

"काईच नाई जी."

"लिहा," लटारीभाऊ म्हणाले. "पात्र."

"पण म्या म्हनतो," सुकलूने भीत भीत विचारलं, "रातच्या अंधारात फोटू काऊन काढता? दिवसा काढा ना. चांगला उजेड रायते."

हा अभिप्राय समितीपुढे तीन बैठका राहिला आणि अखेर 'अव्यवहार्य, परंतु परवडणारा' असा शेरा मारून बाजूला ठेवण्यात आला.

साहित्याचे तीन भाग पाडण्यात आले: डोळा, कॅमेऱ्याची पेटी आणि पाय. डोळ्यासाठी, म्हणजे भिंगासाठी, मुखरूजींचं भिंग विचारात घेता आलं नाही. ते हाताशी होतं. हाताशी असलेल्या वस्तूची निवड करता येत नाही, ती नुसती वापरता येते. आणि समिती वापरासाठी नव्हतीच. शेवटी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून लढाईतल्या विमानाच्या कॅमेऱ्याचं भिंग घेतलं. लष्कराने मोडीत काढलेला डिस्पोजलचा माल. त्याची तपासणी आकाशावर करणं घाईचं ठरलं असतं, म्हणून शाळेच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके काढून त्यांचे फोटो घेण्यात आले. ठिपके फार सुंदर आले. गुणाबाईला दाखवले, तेव्हा तिने फोटो नाकाजवळ धरून विचारलं, "हाच का तो कापूस?" मास्तरांनी समजावून सांगितलं की ही शाळेची भिंत आहे. म्हातारी म्हणाली, "बरी हाय."

तोवर १९५५ चा पावसाळा आला. आपल्याकडचा पावसाळा भिंगांना मानवत नाही. दसऱ्याला भिंगाची पेटी उघडली तर भिंगात बुरशीची इतकी नाजूक नक्षी उमटली होती की प्रथमदर्शनी समितीला वाटलं, तेजोमेघ आपण होऊनच येऊन बसला. भिंग साफ करायला नागपूरला गेलं. ते परत येईस्तोवर फाल्गुन संपत आला आणि देवयानी संध्याकाळची दिसेनाशी झाली.

"हरकत नाई," लटारीभाऊ म्हणाले. "लाखो वर्सांपासून हाय ना ते? मंग कुठी पळून चालली? पुढच्या वर्सी पाहू."

हा युक्तिवाद बिनतोड होता. देवयानी कुठेही पळून जात नव्हती. म्हातारीची नजर मात्र जात होती, पण तो विषय समितीच्या कार्यकक्षेत नव्हता. आता ती चुलीपाशी बसली की वच्छला तिच्या हातात भाकर नेऊन देई. पूर्वी ती स्वतः उचलायची.

आता पायांविषयी. या शास्त्रातले जाणकार सांगतात की नवशिक्याने भिंगावर पैसा घालू नये, तिपाईवर घालावा, कारण अर्ध्या तासात तिपाई केसाएवढी हलली तरी तारा शेंगदाण्यासारखा लांबट येतो. हे अगदी खरं आहे. लटारीभाऊंना दीड वर्षात प्रथमच बोलण्यासारखं काही मिळालं. लाकूड हा त्यांचा प्रांत. त्यांनी बाभूळ, बीजा, ऐन, सगळी लाकडं आणवून ठोकून पाहिली आणि नापास केली. नवं सागवान पिळतं. लाकूड असं पाहिजे, ज्याने किमान चाळीस उन्हाळे पाहिले आहेत आणि ज्याच्यावर रोज वजन पडलेलं आहे. ते शिवाय परवडणारं पाहिजे.

१९५६ च्या वैशाखात समितीची बैठक मास्तरांच्या अंगणात भरली. गुणाबाई बाजेवर पडली होती. लटारीभाऊ बोलता बोलता बाजेच्या पायाला टेकले, आणि टेकलेलेच राहिले. मग वाकून त्यांनी पाय बोटाने वाजवला. मग दुसरा वाजवला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हे काय हाय?"

पुढचं सगळं नियमानुसार झालं. तीन दरपत्रकं मागवण्याची अट होती, ती तीन पायांची तीन घेतल्यामुळे पूर्ण झाली. मास्तर थोडे घुटमळले. पण काम आईचंच होतं आणि पाय तात्पुरतेच न्यायचे होते. त्यांनी आईला विचारलं. नाही असं नाही.

"माय, फोटोसाठी बाजेचे पाय लागून राह्यले. काढू का?"

"माह्यासाठीच करून राह्यला ना बापा तू," म्हातारी म्हणाली. "काढ."

तिला धरून खाली चटईवर बसवण्यात आलं. सुताराने तीन पाय काढून घेतले. तिपाईला तीनच लागतात. चौथा समितीने साभार परत केला. समितीचा एकही पाय जास्त घेण्याचा इरादा नव्हता, हे इथं नमूद करणं न्यायाचं होईल.

तोवर रात्र झाली होती आणि वर उत्तरेला सप्तर्षी चांगले चढले होते. आपल्या पुस्तकात ते सात ऋषी आहेत. पण बुधरीच्या घरी त्यांना बाज म्हणतात. चार तारे म्हणजे एका म्हातारीच्या बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती बाज चोरायला आलेले तीन चोर. म्हातारी डोळा लावत नाही, म्हणून चोरांना बाज नेता येत नाही. रात्रभर ते तिच्यामागे फिरतात. गुणाबाईने चटईवर पाठ टेकली आणि सवयीने तोंड वर केलं. तिला आता तारे दिसत नव्हते, पण कोणत्या महिन्यात वर काय असतं हे तिला पाठ होतं.

"बुधरी सांगे, वरतं तीन चोर हायेत," ती म्हणाली. "त्यायले तं अजून एक पाय बी काढता नाई आला."

लटारीभाऊ खो खो हसले. मुखरूजी खाली पाहू लागले. मास्तरांना ते लागलं, पण त्यांनी मनाची समजूत घातली की आई थट्टा करते आहे. ती खरोखर थट्टाच करत होती. तीन चोरांतला एक पोटचा असला की म्हातारीला थट्टेशिवाय दुसरं काय करता येतं?

तिपाई अप्रतिम झाली. बुटकी, पण भुईत रुतून बसल्यासारखी अचल. (बाजेच्या पायांची उंची ती किती! फोटो काढणाऱ्याला पालथं पडावं लागे. नवशिक्याने नम्र असावंच.) आता फोटो निघणार, तोच नोव्हेंबर महिन्यात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. बाकी लोक त्याच जागी राहिले, पण समितीचं वरचं ऑफिस बदललं आणि नव्या ऑफिसने साधंच विचारलं की ही समिती कोणती? त्याचा खुलासा करण्यात तो हिवाळा गेला. पुढच्या एप्रिलात आणे जाऊन नवे पैसे आले आणि आण्यांत केलेला किमतींचा सगळा तुलनात्मक तक्ता नव्याने मांडावा लागला. तो मांडताना असं आढळलं की सर्वांत परवडणारं साहित्य मुखरूजींचंच होतं. पण हे सांगण्यात औचित्य नव्हतं.

त्या पावसाळ्यात म्हातारी ओल्या भुईवर झोपून खोकत राहिली. वच्छलाने एकदा नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "मायचे पाय आणून द्या नाई तं नवी बाज आना." मास्तरांनी नवी बाज आणायचं कबूल केलं आणि कोणती आणावी याची चौकशी सुरू केली. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी गुणाबाईने विचारलं, "उजाडलं नाई का अजून?" अंगणात तेव्हा लख्ख ऊन होतं. मास्तर तिच्याजवळ उभे होते.

यानंतर समितीने विलक्षण वेगाने काम केलं. ऑक्टोबरात रशियाने आकाशात गोळा सोडल्याची बातमी आली, तीही लागली असेल. (त्या लोकांनी साहित्याची निवड आपल्यापेक्षा लवकर आटोपलेली दिसते.) कार्तिकातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात कॅमेरा लावला. डिस्पोजलच्या भिंगात पुन्हा बुरशी उगवलेली होती, म्हणून तीन वर्षांपूर्वी मुखरूजी ज्या भिंगासकट अंगणात आले होते तेच भिंग, त्यांनीच सांगितलेल्या दोन फळ्यांवर बांधलं. मुखरूजी पालथे पडून अर्धा तास फळी उचलणारा स्क्रू फिरवत राहिले. फोटो पहिल्याच फटक्यात आला. आणि आला तो असा आला की जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. काळ्याभोर कागदावर पिंजलेल्या कापसाचा तिरपा पुंजका. एकही तारा शेंगदाण्यासारखा नाही. पाहुण्यांनी भाषणात तिपाईचं खास कौतुक केलं.

मास्तर फोटो घेऊन घरी आले, तेव्हा जेवणं झाली होती. गुणाबाई अंगणात चटईवर पडली होती. उशाला तो चौथा पाय होता. रात्री दार लोटून घ्यायला त्याचा उपयोग होई. मास्तर तिच्याजवळ बसले आणि फोटो तिच्या हातात दिला. तिने तो सवयीने नाकाजवळ नेला. मग खाली आणला आणि त्यावरून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. "बक्षीस भेटलं म्हने?"

"हो माय."

"बेस झालं. आता माह्या बाजेचे पाय देता का बापा? भुई लय थंड लागते."

मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं की पाय आता देता येत नाहीत. ग्रँटमधून केलेल्या तिपाईची शाळेच्या जडसंग्रहात, म्हणजे कायम सामानाच्या वहीत, नोंद झाली आहे. त्या नोंदीप्रमाणे ते पाय सरकारी आहेत.

म्हातारी रागावली नाही.

"बरं," ती म्हणाली. "तो कापूस हाय का आता वरतं?"

मास्तरांनी कंदील जवळ ओढला आणि फोटोत पाहिलं. "हाय," ते म्हणाले.

"फोटूत नाई रे. वरतं पाय."

मास्तरांनी वर पाहिलं. आकाश गच्च भरलेलं होतं. इतके तारे एकदम पाहण्याची त्यांना सवय नव्हती. तीन वर्षं त्यांनी बहुधा कॅटलॉगच पाहिले होते, आणि फोटोच्या रात्री नेम मुखरूजींनी धरला होता. ते इकडून तिकडे पाहत राहिले. कापूस त्यांना सापडेना.

"माय, मले दिसत नाई," मास्तर म्हणाले.

"कंदील इझव पह्यले. मंग पड इथी, माह्या बाजूले."

मास्तरांनी कंदील विझवला आणि भुईवर आईशेजारी पाठ टेकली. भुई खरोखरच थंड होती. गुणाबाईने चाचपून त्यांचा हात धरला, त्यांचं बोट आपल्या बोटात घेतलं आणि जिकडे तिला काहीच दिसत नव्हतं तिकडे वर उचललं. "नाकासमोर पाय. आता जरासक उत्तरेकडं सरक. घाई नको करू. तो एकदम दिसत नाई, पाहात राह्यलं का दिसते." मास्तर पाहत राहिले. डोळे सारखे भरून येत होते, त्यामुळे त्यांना फार वेळ लागला.

त्यांना तो दिसला की नाही, हे समितीच्या अहवालात नाही. अहवाल छापून तयार आहे आणि नवशिक्यांनी तो जरूर वाचावा. तिपाई शाळेच्या कपाटात कुलपात सुरक्षित आहे. समिती अजून बरखास्त झालेली नाही आणि जनतेच्या प्रतिनिधीची चौथी जागाही अद्याप रिकामी आहे. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही. ज्यांच्या घरी एखाद्या म्हाताऱ्या माणसाने कधीतरी काही एवढंसं मागितलेलं आहे, आणि जे त्याला उत्तमातलं उत्तम द्यायचं म्हणून अजून चौकशी करत आहेत, ते आपोआप सभासद होतात. आपण ही कथा वाचायला निवांत बसला आहात, त्याअर्थी आपली निवड झालेलीच आहे. येताना फक्त बाजेचा पाय आपल्या घरूनच आणावा. गुणाबाईकडे आता एकच उरला आहे.